बिनक्लचची गाडी

"गाडीसमोर नको."

एवढंच म्हणून ते माझा दंड धरत आणि मला बाजूला नेत. बाजूला म्हणजे चांगलं लांब. फाटकाबाहेर, नाहीतर आवारात कुठे कडुनिंब असेल तर त्याच्याखाली. जुन्या गाडीबद्दल वाईटसाईट बोलायचं असेल तर ते तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलायचं, असा त्यांचा नियम होता. "ऐकते ते. मंग रस्त्यात बदला घेते," हे ते अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत. इकडे विकणारा गाडीपाशी एकटाच उभा, आमच्या पाठींकडे बघत. आम्ही परत येईपर्यंत त्याचाच त्याच्या गाडीवरचा विश्वास उडालेला असे.

तुमच्याही मोहल्ल्यात असं कोणीतरी असेल. नागपुरात आमच्या मोहल्ल्यात जुनी वस्तू घ्यायची म्हणजे यांना सोबत न्यायचं, अशी रीतच पडली होती. मूळचे ते ड्रायव्हर, तेव्हा गाडी तर त्यांच्या हक्काची. पण लोक त्यांना शिवणयंत्र बघायला नेत, टेबलफॅन बघायला नेत. एका शेजाऱ्यांनी तर मुलीसाठी स्थळ बघायलाही नेलं होतं, आणि तिथेही त्यांनी मुलीच्या बापाचा दंड धरून "मुलासमोर नको" म्हणत त्याला अंगणात नेलं होतं म्हणतात.

आता खरं सांगायचं तर त्यांची पारख काही फार भरवशाची नव्हती. त्यांनी पसंत केलेली एक स्कूटर जरा चढ आला की उतरून ढकलावी लागे. त्यांनी नावाजलेला पंखा वाऱ्यापेक्षा आवाज जास्त देई. ते स्थळ तेवढं फार चांगलं निघालं, पण ते त्यांनी नापसंत केलं होतं. तरीही लोक त्यांनाच नेत, कारण ते सोबत असले की जुनी सायकल घ्यायला जातानाही लग्नाला निघाल्यासारखं वाटे. इस्त्रीचा खाकी कोट, केसांना तेल, आणि वाटेत भेटेल त्याला "जरा एक काम हाय, जाऊन येतो" अशी बातमी. मीही त्यांच्याकडे याच कारणासाठी गेलो, हे आधीच कबूल केलेलं बरं. माझ्या अकलेवर विसंबण्यापेक्षा त्यांच्या कोटावर विसंबणं मला सोपं वाटलं.

त्यांचं ड्रायव्हरपण सुटलं ते डाव्या गुडघ्यामुळे. उभं तारुण्य ट्रक चालवण्यात गेलं, घाटात एकदाही ओरखडा नाही, आणि गुडघा फुटला तो स्वतःच्या न्हाणीघरात पाय घसरून. तो पुढे कधी वाकलाच नाही. "क्लच दाबाले गुडघा लागते भाऊ," एवढंच ते सांगत आणि विषय बदलत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी सायकलच्या सामानाचं दुकान टाकलं होतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ऐकत बसत. डोळे मिटून, बरं का. आणि कोणी गियर उशिरा बदलला की खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं तोंड दात दुखल्यासारखं होई.

आमची नरखेडकडे संत्र्याची बाग. ती दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सांभाळायचा; मी नागपुरात सरकारी कचेरीत कारकुनी करायचो आणि बहर चांगला आला की "आमची बाग" म्हणायचो. माल नागपूरला आणणारा भाड्याचा ट्रक कधी वेळेवर यायचा नाही. तोडलेली संत्री बांधावर पडून राहत, नरम पडत. शेवटी एक जुनी पिकअप घ्यायची ठरली. ड्रायव्हर कोण, असा प्रश्न आला तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी शिकतो."

शिकवायला अर्थातच हे. कोणाची तरी जीप, तिच्या ड्रायव्हरसकट, उसनी आणून ते मला कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर घेऊन जात. माझी अडचण अशी होती की क्लचवर पाय ठेवला की दुसरा पाय आपसूक ब्रेकवर जाई, आणि क्लच सोडला की ब्रेकही सुटे. एका पायाला एक हुकूम आणि दुसऱ्याला दुसरा, हे मला जमेना. एकदा एक म्हैस मध्ये आली आणि मी गाडी थांबवली, असं मी घरी सांगितलं. प्रत्यक्षात गाडी म्हशीने थांबवली होती.

"भाऊ," ते खूप विचार करून म्हणाले, "तुमचे दोन्ही पाय एकाच घरचे हायत. एक उठला का दुसरा बी उठते."

"मग उपाय काय?"

"उपाय काही नाही. माणूस म्हणून चांगले हा तुम्ही."

अशा थोर तयारीनिशी आम्ही गाड्या बघायला निघालो. पहिली कामठीची. लष्कराच्या लिलावातून कोणी घेतलेली हिरवी पिकअप, गियर बदलायला दोन्ही हात लागावेत इतकी ताठर, पण दणकट. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, खाली वाकून बघितलं, आणि मला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत नेलं. "गाडी मजबूत हाय. दिसाले भांडकुदळ, पण वेळेवर घरी येते," असा निकाल दिला. दादाने ती आधीच बघून ठेवली होती. त्यालाही तीच पसंत होती. म्हणजे प्रश्न तिथेच मिटला होता.

पण मला कोणीतरी दुसऱ्या गाडीचं सांगितलं होतं, आणि दोन वस्तू बघितल्याशिवाय एक घेणं हे मला नेहमीच अडाणीपणाचं वाटत आलेलं आहे. ही दुसरी सिव्हिल लाइन्समध्ये एका डॉक्टरांच्या बंगल्यात होती. कुठल्याशा प्रकल्पावर आलेला एक ऑस्ट्रेलियन साहेब जाताना ती मागे ठेवून गेला होता. दुधी रंग, मागे माल ठेवायची ऐसपैस जागा, स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, आणि पुढे बसायला एकच लांब बाक. यांनी दार उघडून आत डोकावलं आणि तसेच वाकून राहिले.

"डॉक्टरसाहेब, याचं एक पेडल कुठी गेलं?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "याला क्लचच नाही. गियर आपोआप बदलतात. फक्त ॲक्सिलरेटर आणि ब्रेक. उजव्या पायाने दोन्ही करायचं."

"अन् डावा पाय?"

"डावा नुसता बसून राहतो."

हे सरळ झाले. मग आत बसले आणि त्यांनी चाबीसाठी हात पुढे केला. मी डावीकडून चढलो. त्यांचा तो न वाकणारा पाय लांबच्या लांब पुढे पसरला होता आणि त्याच्या वाटेत काहीच येत नव्हतं.

डॉक्टरांनी एक चक्कर मारून यायला सांगितलं होतं. आम्ही सेमिनरी हिल्सला वळसा घातला, तेव्हा मी म्हटलं, आता परत. ते ऐकतच नव्हते. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीतून गाडी काढली, ओळख असो नसो, समोर येणाऱ्या प्रत्येकाला खिडकीतून हात दाखवला, आणि थेट आमच्या मोहल्ल्यात, त्यांच्या घरासमोर येऊन हॉर्न वाजवला. त्यांची बायको पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"अवो बाई! तुम्ही चालवून राहिले?"

"पाह्य वं," ते म्हणाले, आणि दार उघडून तिला आपला रिकामा डावा पाय दाखवला.

त्या वहिनी एकदा पायाकडे, एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, हेच घ्या ना गाडी." लगेच त्यांना वाटलं आपण भलतंच बोललो, आणि त्या आत निघून गेल्या.

परत आलो तेव्हा डॉक्टर फाटकात उभे होते. बहुधा पोलिसांत जायच्या विचारात. आम्ही उतरलो. आता हे माझा दंड धरतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी धरला नाही. शेवटी मीच त्यांचा दंड धरला आणि त्यांना पार कोपऱ्यावर घेऊन गेलो.

"सांगा, कशी आहे?"

"या गाडीचं मले विचारू नका भाऊ."

"काहून?" मी गावचा असूनही नागपुरात हा शब्द टाळायचो. त्या दिवशी तोच तोंडात आला.

"मी खोटं बोलीन." ते रस्त्याकडे बघत होते. "मले चालवाची हाय ते. किती वर्षं झाले, माह्या हातात कोणी चाबी नाही देल्ली. लोकं गाडी दाखवाले नेतात, अन् चालवत दुसराच घरी आणते. हे गाडी चांगली हाय का वाईट हाय, मले दिसूनच नाही राहिलं. तुमी दुसऱ्या कोणाले विचारा."

मी दुसऱ्या कोणाला विचारलं. कॉटन मार्केटजवळचा एक मिस्त्री म्हणाला, असली गाडी आपण उघडूनही बघितलेली नाही, आणि बिघडली तर उघडणारही नाही. दादा तर गावाहून मुद्दाम आला.

"आपोआप गियर पडते म्हंजे काय गा? माह्या बैलाले बी सांगा लागते वळाले. ते कामठीवाली घे अन् गप बस. तुले मोटार चालवता येत नाही, अन् तू मोटार निवडून राहिला!"

दादाचं एकेक वाक्य खरं होतं. म्हणून मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. विज्ञान कुठे चाललं आहे, परदेशात आता क्लच कोणी वापरत नाही, माझ्या पायांचा स्वभाव, दुधी रंगावर धूळ कमी दिसते, अशी कारणांची मी फोडणीच दिली. दादा शेवटी कंटाळून हो म्हणाला. मी दुधी गाडी घेतली. ती मी माझ्या नालायक पायांसाठी घेतली की त्यांच्या एका पायासाठी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. वहिनींना मात्र ते ठाऊक असावं. त्या दिवसापासून त्यांच्याकडे मला चहासोबत काहीतरी खायला मिळू लागलं.

चालवायला अर्थात हेच बसले. मी "शिकतो, शिकतो" म्हणत राहिलो आणि त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही. तो अख्खा बहर त्यांनी नरखेडहून संत्री आणली. वाटेत काटोलला चहाला थांबले की बाकीच्या ड्रायव्हरांना बोलावून गाडीचं दार उघडून दाखवत. "गियर नाही याले. नुसता इशारा समजते." दुकान वहिनी बघू लागल्या. यांनी नवीन खाकी कोट शिवून घेतला आणि चालण्यातलं लंगडणंही मला कमी वाटू लागलं. दादासुद्धा त्यांना "ड्रायव्हरसाहेब" म्हणू लागला, आणि माल वेळेवर पोचतो हे त्याने माझ्यासमोर नाही, पण बाकी सगळ्यांसमोर मान्य केलं.

मग एका सकाळी गाडी सुरू होईना. बॅटरी उतरली होती. त्यात काय एवढं. त्या काळी नागपुरातल्या निम्म्या गाड्या धक्क्यावरच सुरू होत. मोहल्ल्यात टीव्ही यायचा होता अजून, त्यामुळे माणसं भराभर जमली. आम्ही धक्का मारला. गाडी धावली, पण हुं की चूं नाही. पुन्हा मारला. कोणीतरी ओरडलं, "दुसऱ्यात टाका!" आतून हे ओरडले, "दुसरा नाही गा याले!" "मग पहिल्यात टाका!" "पहिला बी नाही!" आता होईल, आता होईल म्हणत आम्ही शाळेचं मैदान ओलांडलं, पिठाची गिरणी ओलांडली, देवळाला दुरूनच नमस्कार केला. मी कचेरीच्या कपड्यात मागून "अजून जोर लावा" असं मार्गदर्शन करत होतो. पार मोठ्या रस्त्यावर पोचलो तेव्हा समोरून नेमके ते डॉक्टर आपल्या मोटारीतून येताना दिसले. त्यांनी काच खाली केली.

"अहो, ही धक्क्याने सुरू होत नाही! या गाड्या होतच नाहीत. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

सांगितलं होतं. इंग्रजीतून सांगितलं होतं, आणि मी पूर्ण समजल्यासारखा "ऑफकोर्स, ऑफकोर्स" म्हणालो होतो. तेवढंच अंतर गाडी आता उलटी ढकलत आणायची होती. जाताना होती त्यातली निम्मीच माणसं परत येताना उरली.

बॅटरी बदलली, दिवस निघाले. पण पुढच्या बहरात, काटोलच्या अलीकडे, भरल्या गाडीचं इंजिन नुसतं ओरडू लागलं आणि चाकं जागची हलेनात. आपोआप बदलणारे ते गियर आपोआप संपले होते. संत्री बैलगाड्यांवर लादून न्यावी लागली. गाडी नागपुरात ओढून आणली. मिस्त्रीने आधी कानावर हात ठेवले, मग खाली झोपून बघितलं आणि म्हणाला, देशी ट्रकचा जुना गियरबॉक्स यात बसवता येईल. गाडी पुन्हा चालेल. फक्त क्लच येईल.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे बघितलं नाही.

"बसवा," हेच म्हणाले. "संत्रे सडून राहिले तिकडे. माह्यासाठी काय बाग झाडावर थांबते?"

गाडी गॅरेजात होती तोवर ते रोज तिथे जाऊन बसत. दवाखान्यात माणूस बसतो तसे, हातावर हात ठेवून. मी कचेरीतून परस्पर घरी जाऊ लागलो, कारण त्यांच्या दुकानावरून जायचं म्हणजे वहिनी दिसणार. तरी कधीतरी गाठ पडेच. त्या अजूनही खायला आणून ठेवत, आणि मी ते अर्धं टाकून उठे.

गाडी तयार झाली तो रविवार होता. आत तीन पेडलं दिसत होती. दादाने गावाकडे नवा ड्रायव्हर ठरवला होता, पण त्याचा पत्ता नव्हता आणि बागेत तोडलेला माल पडला होता. यांनी चाबी माझ्या हातात दिली आणि बाजूला उभे राहिले.

मी बसलो. गाडी सुरू केली. क्लच दाबला, गियर टाकला, आणि माझे दोन्ही पाय एकदम उठले. गाडीने उडी मारली आणि ती बंद पडली. पुन्हा केलं, पुन्हा उडी. मिस्त्रीची माणसं काम सोडून बघायला आली. चौथ्या की पाचव्या उडीला मला बाहेर त्यांचं तोंड दिसलं. ते तसंच दात दुखल्यासारखं झालं होतं, आणि तरी ते माझ्याकडे बघून मान हलवत होते, की येईल, येईल.

मला एकाएकी माझा भयंकर राग आला. मी डावीकडे सरकलो.

"बसा तुम्ही," मी म्हटलं.

"भाऊ, क्लच हाय."

"क्लच मी दाबतो. तुम्ही नुसतं सांगा."

त्यांनी एकदा त्या तीन पेडलांकडे बघितलं. मग चढले. बाक लांब होता म्हणून बरं. मी तिरका होऊन उजवा पाय त्यांच्या बाजूला घातला, तो त्यांच्या ताठ पायाला खेटून क्लचवर पोचला. आम्ही दोघं एकाच खुर्चीत बसलेल्या नवरा-नवरीसारखे दिसत असू. मिस्त्रीची माणसं शिट्ट्या वाजवत होती.

"दाबा," ते म्हणाले. त्यांनी गियर टाकला. "आता सोडा. हळू. हळू भाऊ. एकदम नाही... बस्स."

गाडी हलली. उडी न मारता, पाण्यावर सोडलेल्या नावेसारखी गॅरेजाच्या बाहेर पडली. एकाच पायाला एकच हुकूम होता आणि मला तो जमत होता. काटोल नाक्यापर्यंत आम्ही दोघंही घामाघूम झालो होतो. नाक्यावरच्या पोलिसाने आत वाकून आमच्या पायांची ती गुंतागुंत बघितली, काही विचारायला तोंड उघडलं, आणि मग नुसतीच पुढे जायची खूण केली.

"याले दोन ड्रायव्हर लागतात," हे त्याला खिडकीतून ओरडून म्हणाले, आणि मग असे हसत सुटले की मला क्लच कधी दाबायचा ते कळेना.

नवा ड्रायव्हर पुढे आला, त्याने कामही केलं. पण रविवारची फेरी आमची होती. कधी आडवारी मालाची घाई असली तर मी रजा टाकी. साहेबांनी एकदा विचारलं, "सारखी रजा कशाला लागते हो?" मी म्हणालो, "क्लच दाबायला." त्यांनी ते चावट उत्तर समजून महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

सुरुवातीला सगळी वाट "दाबा, सोडा, दाबा, सोडा" चाले. हळूहळू ते बोलेनासे झाले. इंजिनाचा आवाज जरा भरला की माझा पाय खाली जाई, त्यांचा हात गियर टाकी, आणि माझा पाय वर येई. आम्ही बहराविषयी, त्यांच्या ट्रकच्या दिवसांविषयी, दादाच्या स्वभावाविषयी बोलत असू, आणि खाली काय चाललंय हे दोघांच्याही ध्यानात नसे. माझ्या कारकुनीत मी काय केलं हे मला आठवत नाही. त्या फेऱ्या मात्र वळणासकट आठवतात.

काही बहर असे गेले. मग एका उन्हाळ्यात, दुपारी दुकानात खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. वहिनींना वाटलं, डोळे मिटून गाड्या ऐकताहेत. गाडी दादाने पुढे विकली. बघायला आलेल्या माणसाला मी तिच्या बाजूला उभा राहून सगळं चांगलंच सांगितलं.

आता मी नरखेडला एस.टी.ने जातो. पुढची जागा मिळाली तर सहसा घेत नाही, पण कधी दुसरी नसतेच. काटोल रस्त्यावर फेटरी गाव मागे पडलं की चढ लागतो. इंजिनाचा आवाज भरतो, ड्रायव्हरचा हात गियरवर जातो, आणि माझा उजवा पाय पुढे होऊन समोरच्या पत्र्यावर घट्ट दाबला जातो. शेजारचा माणूस बघत असतो. बघू दे. मी पाय झटकन मागे घेत नाही. हळूहळूच सोडतो. एकदम सोडलेला त्यांना सहन होत नसे.